झोळीतून पाहिलेला पूर

आषाढ लागून आठ दिवस झाले होते, गोदावरीला पाणी चढू लागलं होतं, आणि त्याच आठवड्यात नागली आमच्या घरी आली. पंचवटीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक बांधकाम चालू आहे. तिथे विटांच्या थप्पीमागे गावठी कुत्री व्यायली होती. चार पिल्लं. मुलं रोज शाळेतून येताना ती बघून यायची आणि घरात पाऊल टाकताच मागणी सुरू व्हायची. आम्ही मुद्दाम आठ आठवडे थांबलो. पिल्लाला आईपासून लवकर तोडलं, तर चावण्याचा जोर किती असावा हे त्याला कुणी शिकवत नाही. ते शिक्षण भावंडांच्या दंगामस्तीत होतं. जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ थांबतो, एवढाच धडा. पण माणसाला तो तितका नीट देता येत नाही.

रंग नागलीच्या दाण्यासारखा, तांबूस. त्र्यंबककडून दरवर्षी घरी नागली येते, तिच्या डब्याशेजारी पिल्लाला ठेवून धाकटीने नाव ठरवलं. सासूबाईंनी एकच अट घातली, उंबऱ्याच्या आत कुत्रं नको. दारातल्या पडवीत पोतं अंथरलं आणि तिथून आमचं वर्ष सुरू झालं.

पिल्लू घरात आलं की बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती शू-शीची. ती अवघड नाही, फक्त घड्याळ सांभाळावं लागतं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास धरू शकतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यायचं, तिथे केलं की लगेच कौतुक करायचं. चुकून घरात झालं तर ओरडायचं नाही, नाक तर मुळीच घासायचं नाही. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते कपाटामागे जाऊन करतं. आमच्याकडे तीन आठवड्यांत हा विषय संपला.

खरा विषय वेगळा आहे आणि त्याकडे फार थोड्या घरांचं लक्ष असतं. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत एक काळ असतो. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, ज्याचा वास येतो, ते त्याच्या मनात 'आपलं जग' म्हणून बसतं. नंतर समोर आलेली प्रत्येक नवी गोष्ट आधी संशयाची ठरते. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत यावर प्रयोग झाले आणि 1961 साली त्यांचा निबंध 'सायन्स'मध्ये छापून आला. काही पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात, माणसाच्या स्पर्शाशिवाय वाढवली. त्यांतली वेगवेगळी पिल्लं वेगवेगळ्या वयाला आठवडाभर माणसांत आणली. लहान वयात आणलेली लवकर रुळली. चौदा आठवडे माणूस न भेटलेली पिल्लं मात्र पुढे कितीही प्रेमाने वागवलं तरी रानटी जनावरासारखी बुजरीच राहिली.

आमच्या घरातलं साधं गणित असं होतं. नागली आली तेव्हा आठ आठवड्यांची. म्हणजे हातात उरले सहा. आणि तिची लस पूर्ण व्हायची होती सोळाव्या आठवड्याला.

ही लसीची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण "इतकी इंजेक्शनं कशाला?" असं शेजारीपाजारी विचारतातच. आईच्या पहिल्या दुधातून, चिकातून, पिल्लाला तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती पहिले काही आठवडे त्याला वाचवते, पण तीच लसीलाही निकामी करते. ती ओसरायची वेळ प्रत्येक पिल्लात वेगळी असते, एखाद्यात आठव्या आठवड्याला, एखाद्यात चौदाव्या. बाहेरून ते कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊन दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यायची, सोळाव्या आठवड्यापर्यंत. यांतली एक तरी लस नेमक्या वेळी पडते. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. मधल्या काळात सगळ्यात मोठी भीती पार्वोची. 1978च्या सुमाराला जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. रक्ताचे जुलाब लागून चार दिवसांत पिल्लू हातचं जातं. शिवाय पावसाळ्यात डबक्यांतून उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टो, जो माणसालाही होतो.

म्हणजे पाय जमिनीला लावू द्यायचे नाहीत, आणि जग तर आत्ताच दाखवायला हवं.

उपाय सासूबाईंच्या ट्रंकेतून निघाला. त्यांचं जुनं, मऊ झालेलं सुती लुगडं. त्याची झोळी करून खांद्याला बांधली आणि नागलीला आत ठेवलं. मान बाहेर, चारही पाय आत. ज्या बाईने कुत्रं उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगितलं होतं, तिनेच गाठ कशी मारायची ते दाखवलं. "मुलांना असंच घेऊन मी शेतावर जायची," म्हणाल्या.

नाशिकमध्ये पावसाळ्याचा पहिला विरंगुळा म्हणजे पूर बघायला जाणं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं अशी बातमी आली की माणसं छत्र्या घेऊन गोदाकाठी निघतात. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचं मोजमाप. "गुडघ्याला लागलं का?" "नाही, कंबर बुडाली!" असा हिशेब रस्त्यात चालतो. त्या गर्दीत आम्ही पाचही जण लांबच्या, सुरक्षित कठड्यापाशी उभे होतो आणि सहावी झोळीत. पाण्याचा घोष, ओल्या छत्र्यांची फडफड, भाजलेल्या कणसाच्या निखाऱ्यांचा वास, रेनकोटातली पोरं, काठी टेकणारे आजोबा. दर वेळी काही नवं आलं की थोरला तिला शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. नवं दिसलं की चांगलं काही मिळतं, हा संबंध मनात जोडायचा, एवढंच यामागचं शास्त्र. ती घाबरली आहे असं वाटलं, कान मागे गेले, वारंवार जांभया आल्या, जीभ नाकावर फिरू लागली, की मागे फिरायचं. भीती वाटत असताना तिथेच धरून ठेवलं तर सवय होत नाही, भीतीच पक्की होते.

त्या सहा आठवड्यांत झोळीने भाजी बाजार पाहिला, एसटी स्टँड पाहिलं, शाळा सुटतानाचा गोंगाट पाहिला. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. या वयाचं पिल्लू अठरा-वीस तास झोपतं आणि ती झोप मोडून खेळवत बसणाऱ्या पाहुण्यांना थांबवणं हे मला सगळ्यात जड गेलं.

श्रावणात ढोल सुरू झाले. नाशिकचा ढोल जगभर गाजतो, पण तो जिथे घुमतो तिथल्या कुत्र्यांचं काय होतं हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45,000पर्यंत. शिवाय आपल्यासारखा 'आता मिरवणूक येणार' हा अंदाज त्याला नसतो. पथकाचा सराव मैदानावर संध्याकाळी सातला असायचा. पहिल्या दिवशी आम्ही दोन गल्ल्या अलीकडे थांबलो. तिथे ढोल ऐकू यायचा, पण ती तुकडा खात होती. जोवर पिल्लू खातंय तोवर अंतर बरोबर आहे. खाणं सोडलं की आपण फार जवळ आलो. तिसऱ्या दिवशी एक गल्ली पुढे. आठव्या दिवशी मैदानाच्या भिंतीपाशी. टिपरू पडलं की तिचे कान हलायचे, मग ती थोरल्याच्या मुठीकडे बघायची. त्याहून जवळ आम्ही कधीच गेलो नाही आणि विसर्जनाच्या दिवशी तिला मागच्या खोलीत, पंखा आणि रेडिओ लावून ठेवलं. (हो, खोलीत. उंबऱ्याची अट गौरी जेवणाच्या दिवशी पाऊस फार होता म्हणून सुटली ती सुटलीच.)

गणपतीत धोका आवाजापेक्षा ताटात जास्त असतो. प्रत्येक घरातून खिरापत येते आणि लाडाने पुढे केली जाते. तिच्यात बेदाणे असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे हे कुत्र्याच्या मूत्रपिंडाचं विष आहे. किती दाण्यांनी काय होईल हे आधी सांगता येत नाही. 2021मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मत मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचगुळाची आमटीही नको. कांदा-लसणाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटातलं थिओब्रोमिन त्यांच्या हृदयाला झेपत नाही. आपल्या स्वयंपाकात फोडणीपासून प्रसादापर्यंत यांतलं काही ना काही असतंच, तेव्हा 'आमच्या ताटातलं देतो' हे प्रेम बाजूला ठेवावं. आम्ही दारावर मुलांच्या अक्षरात पाटी लावली: 'नागलीला प्रसाद नको, नमस्कार चालेल.'

भाद्रपद-आश्विनात दात पडले. दुधाचे अठ्ठावीस जाऊन कायमचे बेचाळीस येतात, साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावणं. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रिजमध्ये ठेवायची आणि ती द्यायची, चपला उंचावर. हाताला दात लागून रक्त आलंच, तर घरचं पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीज एकदा दिसू लागला की उपचार उरत नाही.

दिवाळीत मुलांनी किल्ला केला. नागलीने पहिल्याच दुपारी बालेकिल्ला उकरला. धाकटी रडली. मग थोरल्याने एक तोडगा काढला: किल्ल्याशेजारी दोन घमेली माती तिच्यासाठी वेगळी, आत तिचा चेंडू पुरून ठेवलेला. कुत्र्याची उकरण्याची हौस मारता येत नाही, पण तिला जागा देता येते. दोन दिवसांत तिला कळलं की आपल्या मातीत चेंडू सापडतो आणि शिवबाच्या मातीत काहीच नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिला उजेडातच फिरवून आणलं, गळ्यातला पट्टा आणि त्यावरचा फोन नंबर तपासला, पलंगाखाली तिची झोळी अंथरली. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, असं अजूनही सांगतात. ते खरं नाही. ती येऊन बिलगली आणि आम्ही तिला बिलगू दिलं.

निफाडच्या बाजूला पारा उतरला की आमच्याकडे हुरड्याचे बेत होतात. शेतावरून परतल्यावर एकच काम: नागलीच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधणं. गोचीडताप आधी सुस्ती आणतो, मग नाकातून रक्त, आणि तोवर उशीर झालेला असतो.

संक्रांतीने मुलांचा छंदच बदलला. नायलॉन मांजावर 2017पासून देशभर बंदी आहे, तरी झाडांवर, तारांवर, गटाराच्या कडेला तो लोंबतच असतो. भोगीच्या दुसऱ्या दिवशी नागलीच्या मागच्या पायाला तो असा आवळला की सोडवताना माझे हात थरथरत होते. सुदैवाने जखम कातडीपुरती. त्या संध्याकाळपासून दोघं मुलं पोतं घेऊन गल्लीतला मांजा गोळा करू लागली. पतंग उडवण्यापेक्षा त्यांना यातच रस वाटू लागला. आठवड्यात अर्धं पोतं भरलं.

आणि मग द्राक्षं. माघ-फाल्गुनात नाशिककराच्या घरात करंडी नसेल असं होत नाही. आम्हाला सगळं ठाऊक होतं, दारावर पाटी होती, आणि तरी एका दुपारी करंडी खाली राहिली. पाच-सहा मणी गेले असावेत. पहिल्या दवाखान्यात "एवढ्याने काही होत नाही" म्हणून परत पाठवलं. आम्ही ऐकलं नाही, दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी लगेच उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. पहिल्या एक-दोन तासांत उलटी झाली तर बरंचसं विष बाहेर पडतं, म्हणून वेळ दवडायचा नाही. घरी मिठाचं पाणी पाजायचं नाही, त्याने दुसराच घात होतो. नागली वाचली. ते दोन दिवस धाकटी दप्तर न उघडता पडवीत बसून होती.

रंगपंचमीला थोरला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायला गेला, नागली घरीच. रंगलेला मुलगा ओळखू आला नाही म्हणून तिने भुंकून घर डोक्यावर घेतलं. तो बोलला आणि शेपूट हलली.

आता वैशाख आहे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना. बाकी उष्णता धापांतून जाते. फिरणं सकाळी सहाच्या आत आणि सूर्य बुडाल्यावर. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर तिलाही नाही. धापा वाढल्या, लाळ घट्ट झाली की सावली, साधं पाणी, पंखा आणि लगेच दवाखाना. 

गच्चीवर कुरडया चालू आहेत. तीन दिवस भिजलेले गहू वाटून काढलेला सत्त्वाचा चीक पातेल्यात रटरटतो, सासूबाई लाकडी पळी फिरवतात, मुलं सोऱ्या धरून प्लास्टिकवर वेटोळी घालतात. नागली टाकीच्या सावलीत पंज्यांवर तोंड ठेवून बसलेली असते, मध्येच कावळ्यांवर धावते. काल मी वर गेले तेव्हा सासूबाई चमच्याने थोडा चीक स्टीलच्या वाटीत काढून गार करायला ठेवत होत्या. मीठ-हिंग अजून पडलं नव्हतं.

"आधी हिचा काढते," म्हणाल्या, "मग मीठ."