एरणची ताम्र आहत नाणी

भारतात नाणी पाडण्याची जी सर्वांत जुनी रीत ज्ञात आहे, तीत धातूच्या पत्र्याचे तुकडे कापून, कडा छाटून त्यांचे वजन जुळवीत आणि मग प्रत्येक चिन्हाचा स्वतंत्र ठसा त्यांवर ठोकून उमटवीत. अशा नाण्यांना नाणकशास्त्रात आहत नाणी म्हणतात. त्यांतील बहुसंख्य नाणी चांदीची असून सुमारे ३२ रती वजनाचा कार्षापण हे त्यांचे प्रमाण मानले जाते. तांब्याची नाणी किरकोळ व्यवहारासाठी असत, आणि माषक, अर्धमाषक, काकणी व अर्धकाकणी ही त्यांची मूल्ये कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नोंदलेली आहेत.

तांब्याच्या आहत नाण्यांची सुबक घडण मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात, बीना नदीच्या वळणात वसलेल्या एरण येथे, म्हणजे प्राचीन ऐरिकिण नगरात, पाहावयास मिळते. हत्ती, घोडा, वेदिकावृक्ष म्हणजे कठड्याने वेढलेले झाड, मासे दाखवलेला नदीप्रवाह आणि उज्जयिनी चिन्ह ही येथील प्रमुख चिन्हे होत. उज्जयिनी चिन्हात परस्परांना छेदणाऱ्या दोन रेषांच्या चारही टोकांना वर्तुळे असतात. प्रत्येक ठसा वेगळा मारला जात असल्याने चिन्हे एकमेकांवर चढत किंवा कडेबाहेर निसटत, त्यामुळे एकाच नाण्यावरून संपूर्ण चिन्हसमूह निश्चित करणे कठीण जाते व अनेक नाणी ताडून पाहावी लागतात.

एरणचे खरे महत्त्व मात्र पुढच्या टप्प्यात आहे. येथील काही चौकोनी नाण्यांवर हाच चिन्हसमूह एका अखंड साच्यावर कोरून एकाच आघातात उमटवलेला दिसतो, म्हणजे तंत्र बदलले तरी रचना जुन्याच ठशांची राहिली. चिन्हांना अक्षरांची जोड मिळाल्याचा पुरावाही येथेच सापडतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी प्रकाशात आणलेल्या नाण्यावर धर्मपाल राजाचे नाव ब्राह्मी लिपीत उजवीकडून डावीकडे आले आहे. ब्राह्मी मुळात तशीच लिहिली जात असावी, असे अनुमान गेओर्ग ब्यूलर यांनी त्यावरून काढले. परंतु साच्यावर अक्षरे सुलटी कोरल्यामुळे नाण्यावर ती उलटी उमटली, हे नंतरच्या अभ्यासकांचे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

पुढे सातवाहनांनी उज्जयिनी चिन्ह आपल्या नाण्यांच्या मागील बाजूवर सर्रास वापरले आणि त्यांच्या अमलाखालील महाराष्ट्रातही ते प्रचारात आले. तोवर राजाचे नाव हीच नाण्याची मुख्य ओळख ठरली होती, तरीही आहत परंपरेतील चिन्हाला तिच्या शेजारी स्थान उरले होते.