टेनिसमधील जोरदार फटक्याचे मूळ पायांत

पुण्यातील बालेवाडी येथे जानेवारी २०१८ मध्ये झालेल्या पहिल्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत फ्रान्सच्या जिल सिमॉनने उपांत्य फेरीत मरिन चिलिचला आणि अंतिम फेरीत केव्हिन अँडरसनला नमविले. सहा फूट आठ इंच उंचीचा अँडरसन वेगवान सर्व्हिससाठी प्रसिद्ध होता. सिमॉन त्या मानाने सडपातळ. चेंडूपाशी वेळेत पोहोचणे आणि तोल सांभाळून तो परतविणे, हाच त्याच्या खेळाचा पाया होता.

टेनिस शिकणाऱ्यांचे लक्ष मात्र बहुधा रॅकेटची पकड आणि मनगट यांवरच असते. फटक्यात जोर हवा म्हणून दंडाची ताकद पणाला लावली जाते. वस्तुतः पाय केवळ चेंडूपर्यंत पोहोचविण्याचे काम करीत नाहीत. फटक्यातील शक्तीचा उगमही तेथेच होतो.

जमिनीपासून रॅकेटपर्यंत

उजव्या हाताने खेळणारा खेळाडू फोरहँड मारताना उजवा पाय रोवतो, गुडघा वाकवतो आणि शरीराचा भार त्या पायावर घेतो. पाय जमिनीला रेटतो तेव्हा जमीनही तितक्याच जोराने उलट रेटा देते. तो रेटा कंबर, धड, खांदा, कोपर आणि मनगट अशा क्रमाने रॅकेटपर्यंत पोहोचतो. सर्व्हिसमधील निम्म्याहून किंचित अधिक ऊर्जा पाय, कंबर आणि धड यांतून येते, असे क्रीडावैद्यक तज्ज्ञ बेन किबलर यांनी १९९५ मध्ये मांडले. कंबर व धडाकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर तोच वेग राखण्यासाठी खांद्याला सुमारे ३४ टक्के अधिक वेगाने फिरावे लागते, असा त्यांचा हिशेब होता. साहजिकच पायांचा आळस खांद्याला आणि कोपराला भोवतो. वाढत्या वयाच्या मुलांबाबत तर हे विशेष ध्यानात ठेवायला हवे.

पहिले पाऊल

टेनिस कोर्टची लांबी २३.७७ मीटर असते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सुमारे एका सेकंदात पलीकडे येतो. म्हणूनच प्रतिस्पर्धी फटका मारण्याच्या बेतात असताना दोन्ही पायांवर हलकीशी उडी घेतली जाते. तिला ‘स्प्लिट स्टेप’ म्हणतात. पाय टेकताच गुडघ्यांत ताण साठतो आणि कोणत्याही दिशेला झेप घेता येते. चेंडूजवळ जाताना सुरुवातीची पावले लांब, तर शेवटची लहान व भराभर टाकावीत. चेंडू अंगाच्या फार जवळ वा फार दूर राहिला, तर उरलेले काम एकट्या हातावर पडते.

सराव कसा करावा?

विरार शहरापासून चांदीपसारख्या गावापर्यंत वसई तालुक्यातील प्रत्येक मुलाला रोज टेनिस कोर्ट मिळेलच असे नाही. सुदैवाने पायांच्या सरावाला त्याची गरज नसते. सोसायटीचे आवार वा मोकळे अंगण पुरेसे आहे.

- आधी तीस-तीस सेकंद तीन वेळा दोरीवरच्या उड्या माराव्यात.
- जोडीदाराने चेंडू डावी-उजवीकडे टाकावा. तो हातातून सुटण्याच्या सुमारास स्प्लिट स्टेप घेऊन, एक टप्पा पडलेला चेंडू कमरेच्या उंचीवर, शरीरापुढे दोन्ही हातांनी झेलावा. 
- त्यानंतर रॅकेट घेऊन चेंडूविना फटक्याची हालचाल करावी. आधी पाय, मग कंबर आणि शेवटी हात हा क्रम सोडू नये.

लंगडीने एका पायावरचा तोल सुधारतो. खो-खो आणि आट्यापाट्यांमुळे क्षणात दिशा बदलण्याची सवय लागते. ज्या मुलांनी हे खेळ खेळले आहेत, त्यांची निम्मी तयारी झालेलीच असते. सिमेंटच्या जमिनीवर सराव करताना बाजूने आधार देणारे बूट घालावेत. धावण्याच्या जाड तळव्याच्या बुटांत घोटा मुरगळण्याचा धोका असतो. गुडघा किंवा टाच दुखू लागल्यास सराव थांबवावा.

प्रगती तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. फटका पूर्ण झाल्यावर दोन सेकंद तसेच स्थिर उभे राहून पाहावे. तोल गेला, तर दुरुस्ती हातात नव्हे, पायांत करायची आहे असे समजावे.