गिरणीचे जुने कागद ई-मेलने पाठविताना



आपल्या कार्यक्षेत्रातील गावागावांत अशी घरे आहेत, की ज्यांतला एक भाऊ शेतावर राहिला आणि दुसरा मुंबईला गिरणीत गेला. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत दहा-पंधरा जण राहून, खानावळीत जेवून या मंडळींनी गावी मनिऑर्डरी पाठविल्या. कित्येकांच्या विहिरी आणि पहिल्या लागणी त्या पैशांवर झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे एकेक गिरणी थंड होत गेली. बरीच माणसे गावी परतली, ती एक पत्र्याची पेटी घेऊन. त्या पेटीतल्या कागदांना आता किंमत आली आहे.

कारण असे, की गिरण्यांच्या जागेवर कामगारांसाठी घरे बांधली गेली. म्हाडाने २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत काढली. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाईंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची काढली. ज्यांना घर लागले नाही अशा सुमारे दीड लाख कामगारांची पात्रता ठरविण्याची मोहीम सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. त्या वेळी कामगार किंवा त्याचे वारस यांच्याकडून ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, हजेरी कार्ड, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंड आणि ई.एस.आय.चा नंबर अशा तऱ्हेचे पुरावे मागितले गेले. पुढील मुदती व अटी वेळोवेळी बदलतात, त्या म्हाडाकडूनच विचारून घ्याव्यात. त्यात आम्ही शिरत नाही. आमचा विषय लहान आहे. पेटी गावी, आणि अर्ज भरणारा पुतण्या लालबागला. मग पेटीतला कागद त्याच्यापर्यंत न्यायचा कसा?

मूळ कागद पोस्टाने पाठवू नये, कोणा एजंटाच्या हाती तर मुळीच देऊ नये. दादरची कोहिनूर, लालबागची जाम, दिग्विजय या गिरण्या आता नाहीत; दुसरी प्रत मागायला जाणार कोणाकडे? म्हणून कागदाचे चित्र काढायचे, म्हणजे स्कॅन करायचे, आणि ते ई-मेलला जोडून पाठवायचे. पुष्कळजण हे करतातही. पण तिकडे फाईल उघडली की तिकीट नंबरातला आकडा ३ आहे की ८, हे कळत नाही. शिक्क्यावरची तारीख पुसट, पासवरच्या फोटोचा नुसता काळा डाग. पुन्हा फोन, पुन्हा तालुक्याला हेलपाटा. हे का होते, ते समजले की टाळता येते.

स्कॅनर म्हणजे काही फार अवघड यंत्र नाही. काचेवर कागद पालथा ठेवतात, खालून दिव्याची पट्टी सरकते आणि कागदाचा एकेक बारीक ठिपका किती काळा, किती पांढरा, कोणत्या रंगाचा, हे आकड्यांत टिपून घेते. अमेरिकेत १९५७ साली रसेल कर्श यांनी असे पहिले चित्र संगणकात घातले, ते त्यांच्या तान्ह्या मुलाच्या फोटोचे. आडवे १७६ व उभे १७६ ठिपके, बस्स. तेवढ्यात मूल ओळखू येते. पण त्याच्या अंगावर तिकीट नंबर लिहिलेला असता तर तो वाचता आला नसता. आपल्याला नंबर वाचायचा आहे.

एका इंचात किती ठिपके टिपायचे, हे स्कॅनरला सांगावे लागते. दुकानदार त्याला डी.पी.आय. म्हणतात. घाईत तो १०० किंवा १५० वर काढतो, कारण काम लवकर उरकते. आपण तोंडाने सांगावे, की कागद ३०० वर काढा आणि पासवरचा लहान फोटो किंवा बारीक शिक्का ६०० वर काढा. आणि रंगीत काढा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात निळी शाई आणि जांभळा शिक्का एकमेकांत मिसळून जातात. दुकानदार कुरकुरला तरी हरकत नाही, पैसे आपले आहेत.

आता हिशेब बघा. नेहमीचा ए-फोर कागद ३०० वर स्कॅन केला, की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे. म्हणजे एका पानाचे ओझे साधारण २५ एम.बी. झाले! एवढे ओझे कोणी वाहत नाही. म्हणून जे.पी.जी. नावाच्या पद्धतीने चित्र आवळतात, आणि तेच पान सहसा एक-दोन एम.बी.त बसते. हे आवळणे उसाच्या गाळपासारखे आहे. रस घेतला, चिपाड टाकले. एकदा टाकलेल्या चिपाडापासून पुन्हा ऊस होत नाही. चित्र एकदा आवळले, ते कोणी उघडून पुन्हा साठविले, पुन्हा आवळले, की दर खेपेस थोडा तपशील जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठविला की नेमके हेच घडते. पोचतो झटकन, पण बारीक होऊन पोचतो. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे फाईल आहे तशी जाते. पुतण्याकडून आलेला फोटो पुढे ढकलून, तोच छापून, तो कागद परत स्कॅन करणारेही आम्ही पाहिले आहेत. तसे करू नये. नेहमी मूळ कागदावरूनच काढावे.

ई-मेलला फाईल जोडण्याची खूण म्हणजे कागदाला लावायची टाचणी, ती पेपर-क्लिप. ती दाबावी, फाईल निवडावी, ती पूर्ण चढेपर्यंत थांबावे आणि मगच पाठवावे. ई-मेल ही मुळात नुसत्या अक्षरांची चिठ्ठी होती. चित्र तिच्यात बसत नव्हते. ११ मार्च १९९२ रोजी नॅथॅनिएल बोरेनस्टीन या अमेरिकन संशोधकाने आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाणे जोडून नव्या पद्धतीची टपाल पाठविली. त्या पद्धतीत चित्राचे आकडे अक्षरांत लिहून पाठवितात आणि तिकडे पोचल्यावर अक्षरांचे पुन्हा चित्र होते. यात तीन अक्षरांच्या मालाला चार अक्षरांची गाडी लागते. म्हणून फाईल जितकी दिसते त्यापेक्षा टपालात सुमारे एक तृतीयांश जड होते. जीमेलची मर्यादा २५ एम.बी. आहे, एका टपालात १५-१६ एम.बी.च्या वर जोडू नये, कागद जास्त असतील तर दोन टपाले करावीत.

आजच्या मुलांना हे सोपे वाटते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरचा वेग सेकंदाला ९,६०० बिट एवढाच असे. त्या वेगाने एक एम.बी.चे चित्र टपालातून जायला जवळजवळ वीस मिनिटे लागतील, तीही मध्ये फोन तुटला नाही तर. असो.

तालुक्याला जाणे जमत नसेल तर मोबाईलनेही काम होते. त्यासाठी दुपारच्या उन्हात नव्हे, तर ओसरीवर सावलीच्या उजेडात कागद सपाट ठेवावा, मोबाईल बरोबर वर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. आपली स्वतःची सावली कागदावर पडू देऊ नये. गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय असते, ती कडा कापून सरळ पी.डी.एफ. करून देते. एका कामगाराचे सगळे कागद एका पी.डी.एफ.मध्ये घेतले तर तिकडच्या माणसाला सोपे जाते; मात्र संकेतस्थळावर अर्ज भरताना फाईल किती के.बी.ची आणि जे.पी.जी. की पी.डी.एफ., हे तिथे लिहिलेले असते, ते आधी पुतण्याला विचारावे. लहान करायची असेल तर ती त्याने करावी. आपण मोठी व स्वच्छ पाठवावी.

कागद हाताळण्याविषयी थोडे. पेटीतले कागद चाळीस-पन्नास वर्षांचे. गंजलेली टाचणी ओढून काढू नये, वाकवून हळू सोडवावी. घडीवर चिरलेला कागद सेलोटेपने चिकटवू नये, आणि लॅमिनेशन तर करूच नये. त्यावर दिव्याची चमक येते आणि मूळ कागद कायमचा अडकतो. पातळ कागदाची मागची अक्षरे पुढे दिसत असतील तर मागे काळा कागद ठेवावा. पासच्या, कार्डाच्या दोन्ही बाजू घ्याव्यात. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्यावी, कारण एखादी सही किंवा तारीख बहुधा तिथेच असते.

दुकानातून पाठविताना दुकानदाराच्या ई-मेलवरून पाठवू नये. आपले कागद त्याच्याकडे राहतात. स्वतःच्या किंवा मुलाच्या खात्यावरून पाठवावे, काम झाल्यावर खाते बंद करावे आणि संगणकावरची फाईल पुसायला लावून समोर उभे राहावे. ‘घर मिळवून देतो, आधार आणि पासबुक मेल करा’ असा फोन आला तर काही पाठवू नये. आधारची प्रत द्यावीच लागली आणि समोरच्याला चालत असेल, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत द्यावी.

टपाल गेल्यावर पुतण्याला फोन करावा. ‘मिळाले’ एवढ्यावर समाधान मानू नये. फाईल उघडून तिकीट नंबर, पी.एफ. नंबर आणि नावाचे स्पेलिंग त्याला मोठ्याने वाचायला सांगावे, आणि इकडे मूळ कागद हातात धरून एकेक आकडा ताडून बघावा. नावाच्या स्पेलिंगमध्ये गिरणीच्या कागदावर एक आणि आधारवर दुसरे असा फरक निघाला, तर तो याच वेळी लिहून ठेवावा, म्हणजे अर्ज भरण्याआधीच त्याचा पुरावा काय द्यायचा हे विचारता येईल.