सगळ्यांना माहीत असलेलं गुपित : ‘टोकियो सोनाटा’

आज आपण ‘टोकियो सोनाटा’ या जपानी चित्रपटाबद्दल बोलणार आहोत. २००८ सालचा चित्रपट. दिग्दर्शक कियोशी कुरोसावा. आडनाव ऐकलं की कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकू या : अकिरा कुरोसावांशी यांचं काही नातं नाही. हे कुरोसावा ओळखले जातात ते ‘क्युअर’, ‘पल्स’ अशा अंगावर काटा आणणाऱ्या चित्रपटांसाठी. इथे भूत नाही, खून नाही. रेल्वेमार्गाला लागून असलेलं एक साधं घर, नवरा-बायको, दोन मुलगे. तरी आम्हाला हा त्यांचा सगळ्यात भीतिदायक चित्रपट वाटतो. का वाटतो, ते आज सांगायचं आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. र्‍यूहेई सासाकी एका कंपनीत प्रशासन विभागात वरच्या जागेवर आहे. कंपनी ते काम चीनमध्ये हलवते, आणि याची नोकरी जाते. घरी तो सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूट चढवून, बॅग घेऊन नेहमीसारखा बाहेर पडतो.

आता इथे जरा थांबू. नोकरी गेली तर बायकोला सांगायला काय हरकत आहे, असं आपल्याला वाटेल. पण युद्धानंतरच्या जपानमध्ये मोठ्या कंपन्यांत अशी रीत पडली होती, की कॉलेजातून निघून एकदा आत शिरलात की निवृत्तीपर्यंत तिथेच. कंपनी हीच माणसाची ओळख. १९९० नंतर तिथली तेजी ओसरली, त्या रीतीला तडे गेले. घरातली मांडणी मात्र जुनीच राहिली. बाप उशिरा येणार, कमी बोलणार, आणि त्याचा शब्द शेवटचा. नोकरी गेल्यावर तो शब्द कशाच्या जोरावर शेवटचा राहणार? र्‍यूहेई जे लपवतो ते हे आहे. पगाराचा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

बागेत फुकट जेवण वाटतात, तिथे बेघर माणसांच्या रांगेत सूट घातलेली माणसं उभी आहेत. तिथे त्याला जुना वर्गमित्र भेटतो, कुरोसू. तोही बेकार. पण तो या विद्येत मुरलेला आहे. त्याने आपला मोबाइल तासाला पाच वेळा आपोआप वाजेल असा लावून ठेवलाय. फोन वाजला की कानाला लावायचा आणि महत्त्वाचं काहीतरी बोलायचं. प्रेक्षक इथे हसतात. आम्हीही पहिल्यांदा पाहताना हसलो होतो.

मग कुरोसू र्‍यूहेईला जेवायला घरी नेतो. बायकोला संशय येऊ लागलाय, म्हणून ऑफिसातला सहकारी दाखवायचा. जेवताना कुरोसू त्याला कामावरून झापतो, हा मान खाली घालून ऐकून घेतो. दोन बेकार माणसं साहेब आणि हाताखालचा माणूस असं नाटक करताहेत. आणि त्यानंतर कुरोसूची शाळकरी मुलगी र्‍यूहेईला एकटं गाठून म्हणते, तुम्हालाही त्रासच होत असेल ना? एवढंच. तिला सगळं माहीत आहे, आणि हे तिने बापाला कधीही सांगितलेलं नाही.

आमच्या मते चित्रपटाची किल्ली त्या मुलीच्या हातात आहे. आपण समजतो की गुपित म्हणजे एकाला माहीत आणि बाकीच्यांना नाही. इथे घरातल्या माणसांना कळलेलं असतं. विचारलं तर काय कोसळेल याचा अंदाज असतो, म्हणून कुणी विचारत नाही. काही दिवसांनी र्‍यूहेई पुन्हा त्या घरापाशी जातो, तेव्हा कळतं की कुरोसू नवरा-बायको गॅसने मेले. मुलगी तेवढी मागे उरली.

सासाकींचं जेवणाचं टेबल आता नीट आठवून बघा. ताटं वाढलेली, सगळे बसलेले, पण कुणी घास घेत नाही. र्‍यूहेई आधी बिअर पितो, सावकाश. तो सुरुवात करेपर्यंत सगळे गप्प. नोकरी गेलेली असतानाही हे चालूच आहे.

धाकटा केंजी सहावीतला. वर्गात एक मास्तर त्याच्यावर डाफरतात, तेव्हा तो उलट सांगतो की तुम्हाला मी ट्रेनमध्ये अश्लील चित्रांचं पुस्तक वाचताना पाहिलंय. त्या दिवसापासून मास्तरांचा वर्गावरचा वचक संपतो. म्हणजे एक खरं वाक्य काय करू शकतं, हे या पोराला घरातल्या मोठ्यांच्या आधी कळलेलं आहे. त्याचंही गुपित आहेच : शाळेच्या जेवणाचे पैसे तो पियानोच्या शिकवणीला देतो, कारण बापाने पियानोला नाही म्हटलंय. मुलात विलक्षण गुण आहे असं शिकवणाऱ्या बाईंचं पत्र घरी येतं आणि हे फुटतं. बाप भडकतो. कशावर? पोरगा खोटं बोलला यावर! रोज खोटा सूट घालून निघणारा माणूस खोटेपणासाठी मुलाला मारतो. जिन्यावरच्या झटापटीत केंजी खाली कोसळतो, डोक्याला मार लागतो.

एकदा दिलेला नकार मागे घेतला तर बापाचा अधिकार राहणार नाही, असं र्‍यूहेईचं म्हणणं. त्यावर मेगुमी, त्याची बायको, जे सुनावते त्याचा आशय असा की खड्ड्यात गेला तुमचा तो अधिकार. आणि सांगून टाकते, की तुम्हाला जेवणाच्या रांगेत मी केव्हाच पाहिलंय.

मग इतके दिवस ती गप्प का राहिली? दया म्हणून, की तिलाही ते टेबल मोडायला नको होतं? कुरोसावा उत्तर देत नाहीत. पण आधीचा एक प्रसंग आहे. रात्री ती कोचावर पडलेली आहे, दोन्ही हात वर करून म्हणते, मला कुणीतरी ओढून उठवा. नवरा केव्हाच झोपायला गेलेला. ते हात तसेच हवेत. क्योको कोइझुमी यांनी हे इतकं साधं केलंय की अभिनय म्हणून लक्षातही येत नाही.

शेवटच्या भागात चित्रपट जरा भरकटतो, हे मान्य केलं पाहिजे. घरात चोर शिरतो, मेगुमीला पळवतो, मग समुद्रकिनारा वगैरे. कोजी याकुशोंसारखा मोठा नट असूनही तो चोर या घरातला वाटत नाही. कान महोत्सवाच्या ‘अँ सर्तँ रगार’ विभागात या चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं, तरी या भागाबद्दल आमची कुरकुर आहेच.

एक गोष्ट मात्र तिथे घडते. त्या एकाच रात्री तिघं तीन ठिकाणी बाहेर असतात आणि सकाळी एकेक करून घरी येतात. र्‍यूहेईच्या अंगावर आता मॉलमधल्या सफाई कामगाराचा गणवेश आहे. तो लपवत नाही. कुठे होतात, कुणी विचारत नाही. तिघं बसून जेवतात. न विचारणं तेच, पण त्यात आता भीती नाही.

चार महिन्यांनी संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा. केंजी देब्युसीचं ‘क्लेर द ल्यून’ वाजवतो, जवळजवळ पूर्ण. त्याच्या घरात कधी पियानो नव्हता. कचऱ्यात सापडलेल्या मोडक्या कीबोर्डवर त्याने बोटं चालवली होती. आईबापांनी त्याला वाजवताना कधी ऐकलेलंच नाही. ते खोलीच्या मागच्या बाजूला आहेत. पडद्याला वाऱ्याची झुळूक लागतेय. वाजवणं संपतं, टाळ्या होत नाहीत. केंजी उठतो, आईबाप त्याच्यापाशी येतात आणि तिघं दाराकडे चालू लागतात.