अपोलो बंदरावरील नौकाक्लब

मुंबई हे मुळात बेट होते याची साक्ष ज्या संस्थांच्या इतिहासात अजून मिळते, त्यांत अपोलो बंदराजवळच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबला मी अग्रस्थान देतो. कारण १८४६ साली शिडाच्या होड्यांच्या शौकासाठी स्थापन झालेली ही मंडळी १८७६ साली राणी व्हिक्टोरियाकडून ‘रॉयल’ ही पदवी मिळवते, आणि पुढच्या काही वर्षांतच समुद्राच्या अगदी काठाला आपली डौलदार इमारत उभारते. सदस्यांच्या निवासाकरिता १८९८ च्या सुमारास समोर दुसरी गॉथिक वास्तू बांधण्यात आली. त्या काळात भारतीयांना मात्र येथे सदस्यत्व नव्हते, आणि हा या संस्थेच्या इतिहासावरचा डाग आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ वास्तूचे भाग्य त्याहून विलक्षण. डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बिऱ्हाड १९४९ साली पेडर रोडवरून याच इमारतीत आले, आणि ज्या दालनांत पूर्वी वारा व भरती-ओहोटी यांची चर्चा रंगे, तेथे विश्वकिरणांची गणिते मांडली जाऊ लागली! क्लबचा मुक्काम आज निवासाच्या त्या दुसऱ्या वास्तूत आहे.

पावसाळा सरला, की दुपारच्या पश्चिमेकडील वाऱ्यावर बंदरात पांढरी शिडे फुगतात, होडी एका अंगावर कलते, आणि सुकाणू धरणाऱ्याच्या हाताला पाण्याची ओढ जाणवते. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी गेटवेच्या कठड्याशी उभे राहून हे दृश्य आपण अवश्य पाहावे.