गुलाबी साडी अन् आपली वऱ्हाडी

2024मध्ये आलेलं संजू राठोडचं 'गुलाबी साडी' वाजलं नाही, अशी एक तरी वरात बार्शीटाकळीत दाखवा बरं! पोरगा जळगाव जिल्ह्यातला. म्हणजे बुलडाणा ओलांडला की त्याचंच गाव. शब्द, चाल, आवाज सगळं त्याचं, संगीताला जी-स्पार्क.

व्हिडिओत तरी असं काय आहे? गुलाबी साडीतली प्राजक्ता घाग अन् आपला फोटो काढावा एवढाच तिचा हट्ट. पण खरी गंमत या हट्टातच आहे. गाणं ऐकणाऱ्यालाच कामाला लावतं. साडी आईच्या कपाटात, मोबाईल हातात. झाली रील तयार. जाहिरात तुम्हीच केली की!

आता सांगा, आपली वऱ्हाडी कुठं वाजते? रीलमध्ये वाजते, पण हसवण्यापुरती. 'काहून बे' म्हटलं की लोक खो-खो. प्रेमात पडायचं म्हटलं की मात्र आपले पोट्टे पुण्याची भाषा उसनी आणतात. हे लय झालं! अकोल्याच्या विठ्ठल वाघांची 'तिफन' कविता 1981च्या 'अरे संसार संसार' चित्रपटात गाणं होऊन आली अन् महाराष्ट्रभर गाजली. काळी माती, पेरणी, आपले शब्द. त्यात कुणाला हसवायचं नव्हतं.

अकोल्याला अप-डाऊन करताना एखाद दिवशी हेडफोन काढा. एसटीच्या मागच्या सीटवर दोघं कसे भांडतात, कसे लाजतात, ते ऐका. मुखडा तिथंच सापडेल. व्हिडिओला जागा हवी? गावातलं हेमाडपंती देऊळ आहेच. परवानगी तेवढी घ्या, अन् चपला बाहेर काढा.