हवेवर उभी असलेली मोटार

बंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान बंगळुरू विकास प्राधिकरणाने जी मोठी वसाहत वसविली, तिला या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून एचएसआर लेआउट हे नाव पडले. एका अंगाला आगर तलाव आणि दुसऱ्या अंगाला सिल्क बोर्डाचा सदा गजबजलेला चौक. येथल्या गल्ल्यांत डोंगरवाटा तुडविण्यासाठी बनविलेल्या दणकट मोटारी दाराशी उभ्या दिसतात. शनिवारी पहाटे निघून सकलेशपूरचा किंवा कोडगूचा घाट गाठावा, ही त्यांच्या मालकांची हौस. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बेळ्ळंदूर आणि सर्जापूर रस्ता यांचा परिसर जलमय झाला, तेव्हा उंच मोटारीचे महत्त्व हौस नसणाऱ्यांनाही पटले असेल. मूळची उंच मोटार आणखी दोन इंच उचलून घेण्याचा मोह होतो तो असा.

समजा, अशी एक उचललेली मोटार रात्री नीट उभी केली आणि सकाळी ती एका कोपऱ्यावर बसलेली आढळली. समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला आहे, आणि मिस्त्री म्हणतो की कॉम्प्रेसर गेला. त्याचे म्हणणे खरे असू शकेल. परंतु कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च मोठा असतो आणि तो केल्यावरही महिन्याभराने मोटार पुन्हा बसते, असा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. असे का होते हे समजण्यासाठी ही मोटार कशावर उभी असते ते प्रथम पाहिले पाहिजे.

सामान्य मोटारीचा भार पोलादी स्प्रिंगवर किंवा कमानपाट्यांवर असतो. हवेच्या रचनेत त्यांच्या जागी रबराच्या जाड पिशव्या असतात. मिस्त्री त्यांना बलून म्हणतात. ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून धावू लागलेल्या नव्या गाड्यांचे डबे अशाच हवेच्या स्प्रिंगांवर तोललेले आहेत, आणि बंगळुरूच्या शहर वाहतुकीतील खालच्या तळाची व्होल्व्हो बस थांब्यावर उतारूंसाठी एका बाजूला झुकते तीही पिशव्यांतील हवा सोडूनच. खडतर वाटांच्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची अशी रचना रेंज रोव्हरने १९९२ मध्ये आणली.

या रचनेत चार गोष्टी मिळून काम करतात. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. व्हॉल्व्हचा ठोकळा ती हव्या त्या पिशवीकडे पाठवितो. प्रत्येक चाकापाशी बसविलेला सेन्सर मोटारीची उंची कळवितो. आणि या वार्तेवर विसंबून एक छोटा संगणक हुकूम सोडतो. सेन्सर सांगाड्याला जोडलेला असतो आणि एका बारीक दांडीने तो चाकाच्या आडव्या भुजेशी बांधलेला असतो. चाक वरखाली झाले की दांडी हलते, दांडीबरोबर सेन्सरचा हात वळतो, आणि त्या कोनावरून संगणक उंची ताडतो. मोटार त्याला स्वतःला दिसत नाही.

मोटार उचलण्याची स्वस्त युक्ती नेमकी येथेच केली जाते. मूळ दांडी काढून निराळ्या लांबीची दांडी लावली की सेन्सरचा कोन बदलतो. मोटार खचली आहे, असा संगणकाचा समज होतो. तो हवा भरतो, आणि मोटार दोन इंच वर गेल्यावरच त्याला ती ‘नेहमीच्या’ उंचीवर आल्यासारखी वाटते. काही ठिकाणी दांडीला हात न लावता संगणकातील मूळ आकडेच बदलतात. मार्ग निराळा असला तरी फसवणूक तीच.

उचललेल्या मोटारीचा दोष शोधताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते. डोंगरवाटेसाठी जास्त उंचीचे बटण दाबले की संगणक आपल्या हिशेबाने मोटार आणखी वर नेऊ पाहतो. पण ती आधीच वर गेलेली असल्याने शॉक ॲब्सॉर्बर ताणाच्या टोकाला पोहोचतात. हवा भरूनही उंची वाढेना, म्हणून संगणक ठरलेला वेळ वाट पाहून दोषाची नोंद करतो. अशा वेळी वाचन-यंत्रावर जी नोंद दिसते तिचा अर्थ एवढाच की, अपेक्षेप्रमाणे उंची बदलली नाही. ती वाचून कॉम्प्रेसरवर ठपका ठेवणे म्हणजे फिर्याद ऐकूनच निकाल देणे होय. याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे दांडी चुकीच्या मापाची असेल तर खड्ड्यात चाक लोंबकळताच सेन्सरचा हात मध्यबिंदू ओलांडून उलटा होतो. मग वार्ता अगदी विपरीत जाते, आणि एक कोपरा एकाएकी खाली बसतो किंवा शिगेला जातो.

यासाठी पहिले काम म्हणजे टेप घेऊन चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजणे आणि संगणक सांगतो त्या उंचीशी ते ताडून पाहणे. दोन्हींत फरक आढळला तर मूळ दांड्या परत बसवाव्यात, मूळ आकडे पूर्ववत करावेत, आणि मगच पुढे जावे. हे काम कंटाळवाणे खरे. पण दिवा विझला तर पुष्कळसा खर्च येथेच वाचतो.

दिवा विझला नाही, तर हवा निसटते आहे की मुळात पोहोचतच नाही, हे ठरवावे लागते. मोटार सपाट जागी रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मापे घ्यावीत. यात एक मेख आहे. मोटार बंद असतानाही काही मोटारींचा संगणक ठरावीक वेळाने जागा होतो आणि सर्वांत खालच्या कोपऱ्याशी इतर तीन जुळवून घेतो. मग गळती नेमकी कोठे आहे ते सकाळी कळत नाही. म्हणून परीक्षेच्या रात्री त्याचा फ्यूज काढून ठेवावा. एकच कोपरा खाली गेला तर त्या पिशवीचा किंवा तिच्या नळीच्या सांध्याचा संशय घ्यावा. पुढची किंवा मागची जोडी सारखी बसली तर व्हॉल्व्हच्या ठोकळ्याचा. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहण्याची सायकलच्या पंक्चरवाल्याची रीत येथेही सर्वोत्तम ठरते. पिशवीचे रबर जेथे दुमडते तेथे ते विशेष न्याहाळावे, कारण मोटार उचलल्यावर घडीची जागा सरकते आणि वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी दुमडलेल्या रबराच्या जुन्या भेगा उघड्या पडतात.

हे सारे करताना नुसत्या हवेवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. एक नळी सुटली तर टनाहून अधिक वजन क्षणात खाली येते. सांगाड्याखाली भक्कम स्टँड लावल्याखेरीज कामाला हात घालू नये; घाई करणाऱ्या मिस्त्रीला मालकाने थांबवावे.

कॉम्प्रेसरची पाळी यानंतर. गळती असली की तो वारंवार आणि लांबवर चालतो, तापतो आणि स्वतःहून बंद पडतो. गळती तशीच ठेवून नवा बसविला तर त्याचीही तीच गत होते. काही मोटारींत तो गाडीच्या पोटाशी असतो, आणि तुंबलेल्या पाण्यातून मोटार हाकली की चिखल थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. हवेतील ओल शोषणारे दाणे भिजून निकामी झाले तर पाणी नळ्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये उतरते. सेन्सरच्या तारांचे सांधेही चाकाजवळच असल्याने पावसाळ्यानंतर ते उघडून कोरडे करावे लागतात.

उचलल्यानंतर मोटार आदळते, ती पिशवीतला दाब वाढल्यामुळे, असा एक समज आहे. मोटारीचे वजन तेवढेच राहते, त्यामुळे दाबही जवळपास तेवढाच राहतो. वाढतो तो हवेचा साठा. आदळण्याचे कारण बहुधा शॉक ॲब्सॉर्बरची संपलेली चाल असते. चाकांचा कल बदलून टायर एका कडेने झिजतात आणि चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे अधिक कोनात फिरून लवकर खिळखिळे होतात, हे नुकसान मात्र खरे आहे.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात या मनाईला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. वीतभर लांबीच्या दांडीचा फेरफार यात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक मोटारीखाली वाकून पाहतो, तेव्हा तो वाद मालकाला परवडेलच असे नाही.

दुरुस्ती पुरी झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी, हेडलाइटचा झोत तपासावा, चारही मापे कागदावर लिहून ठेवावीत आणि मोटार रात्रभर पुन्हा तशीच उभी करावी. सकाळी टेप लावल्यावर आकडे कालचेच निघाले, तर फ्यूज परत बसवून सकलेशपूरच्या रस्त्याला लागावयास हरकत नाही.